खंडेनवमीला घासलेले दिवे

दसऱ्याची सुट्टी संपवून मी कल्याणच्या लॅम्परूममध्ये शिरलो, तेव्हा फळीवर खाणीचा एकच दिवा उरला होता. तो नको इतका लख्ख होता. चकचकीत वस्तू दिसली की लोकांना बरं वाटतं. माझ्या नोकरीनं ते सुख माझ्याकडून कधीच काढून घेतलं आहे. दिवा उचलून मी दारात आलो आणि त्याची जाळी आभाळाकडे धरली. बारीक भोकांच्या सरळ ओळी, आणि शिवणीजवळ मात्र एक भोक चांगलंच मोठं. त्यातून मोहरीचा दाणा आरामात गेला असता.

"बाकीचे कुठे आहेत?" मी विचारलं.

"गेले की, भाऊसाहेब. सकाळच्या मालगाडीनं. याची कडी तुटली होती म्हणून मागं राहिला," धोंडू मिस्त्री म्हणाला. वर हेही म्हणाला की असे दिवे त्या खाणीनं जन्मात पाहिले नसतील. ते अगदी खरं होतं.

आता हे प्रकरण कळायचं तर आमचं काम काय ते आधी सांगायला हवं. रेल्वेत लॅम्परूम म्हणजे बत्तीखाना. सिग्नलचे दिवे, गार्डांचे हातदिवे, डब्यांतले दिवे, सगळ्यांचं तेल, वात, काच, दुरुस्ती तिथं व्हायची. मी तिथला ओव्हरसियर. कर्णिक भाऊसाहेब म्हटलं की स्टेशनात कोणीही माझी खोली दाखवी. कंपनीच्या इंजिनांना लागणारा थोडा कोळसा नर्मदेकडच्या एका खाणीतून येऊ लागला होता. त्या खाणीत दिवे दुरुस्त करणारं कोणी नसल्यामुळे ते कामही आमच्याच गळ्यात पडलं. पगार तोच, डोक्याला ताप जास्त.

खाणीचा दिवा साधा नसतो. कोळशाच्या फटींतून एक वायू सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही, पण ज्योत दिसली की तो भडकतो. म्हणून खाणीतल्या दिव्याच्या ज्योतीभोवती बारीक लोखंडी तारेची जाळी बसवलेली असते, टोपीसारखी. वायू जाळीतून आत गेला तर आतल्या आत जळतो. जाळीच्या तारा त्याची आच शोषून घेतात आणि ज्वाळा बाहेर पडत नाही. सगळी करामत त्या भोकांच्या बारीकपणात आहे. एक भोक मोठं झालं की तो दिवा नुसती उघडी चूल. म्हणून त्या जाळीला मऊ ब्रशनं झाडायचं, बाकी हात लावायचा नाही. ती काळीच असते आणि काळीच असावी.

हे मी सगळ्यांना सांगितलं होतं. पण खंडेनवमीला माझं कोण ऐकतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. सुताराची करवत, न्हाव्याचा वस्तरा, शेडमधलं इंजिन, सगळ्यांना आंघोळ, कुंकू आणि झेंडूची माळ. बत्तीखान्याची हत्यारं म्हणजे दिवे. त्या दिवशी मी घरच्या देवकार्यात अडकलो होतो. इकडे धोंडू मिस्त्रीनं माणसं बसवली आणि चिंच, राख, विटेची भुकटी आणि नारळाची शेंडी घेऊन दिवा न् दिवा घासून काढला. पितळेची तेलाची डबी घासली ते ठीक. पण पूजेला अर्धा दिवा काळा कसा ठेवायचा, म्हणून जाळ्याही घासल्या. धोंडू जातीचा तांबट. त्याच्या घरात काळं भांडं म्हणजे घरात सुतक असल्यासारखं. चिंचेनं लोखंड खाल्लं, शेंडीनं तारा सरकल्या, आणि जाळ्या चांदीसारख्या पांढऱ्या झाल्या.

मी मिस्त्रीला भोक दाखवलं. त्याचा चेहरा पडला नाही, उलट चढला. म्हणाला, पूजा झालेल्या वस्तूत खोट काढू नये. जाळी जुनी असेल, भोक आधीचंच असेल. शिवाय हे दिवे त्यानं कोणासाठी घासले होते, तर सदूसाठी. सदू त्याचा मोठा मुलगा, त्याच खाणीच्या लॅम्परूममध्ये नोकरीला. रोज सकाळी खाली उतरणाऱ्या मजुरांना पेटते दिवे वाटणं हे त्याचं काम. "माझ्या पोरानं लोकांच्या हातात काजळलेले दिवे द्यायचे का?" असं मिस्त्री म्हणाला.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र दुसरंच होतं. कल्याणला येण्याआधी मी त्याच खाणीवर काही काळ काढला होता. हिवतापानं हाडं खिळखिळी झाली म्हणून बदली मिळाली. तिथं असताना एका भागात वायू पेटला. वर आणलेला एक माणूस पाणी मागत होता आणि त्याला ओठच राहिले नव्हते. त्या माणसाचं नाव मला कधी कळलं नाही. पण तेव्हापासून खाणीचा दिवा हातात घेतला की मी पहिल्यांदा जाळी पाहतो. मला भीती वाटते, आणि ती वाटते हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मालगाडी टिटवाळ्याच्या पुढे गेली होती. पण कसाऱ्याला प्रत्येक मालगाडीचा खोळंबा होतो. घाट चढवायला तिथं जादा इंजिन जोडतात, आणि ते मोकळं मिळेपर्यंत गाडी उभी. म्हणजे तार केली तर वॅगन तिथं सोडवून घेता येत होती. मी हेडक्लार्क आपट्यांकडे गेलो. आपटे भला माणूस, पण कागदाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांना घाम फुटे. सील केलेली वॅगन वाटेत सोडवायची तर स्टोअरच्या साहेबाची सही हवी, आणि साहेब शिकारीला गेलेत, ठाण्याला, कोलशेतच्या खाडीवर.

"उद्या येतील ना," आपटे म्हणाले.

"उद्या गाडी घाटापलीकडे असेल."

"मग काय करणार. आपण कळवलं होतं एवढं मी लिहून ठेवतो," ते म्हणाले, आणि खरंच दौतीकडे हात नेला. मी त्यांना तिथंच सोडून ठाण्याची गाडी पकडली.

सोबत दोन दिवे घेतले. एक तो लख्ख. दुसरा काळाकुट्ट, नवमीनंतर दुरुस्तीला येऊन अजून पेटीतच पडलेला, म्हणून आंघोळीतून वाचलेला. ठाण्याला उतरल्यावर ओळखीच्या कंपाउंडरकडून ईथरची लहान बाटली घेतली. भूल द्यायला वापरतात ते ईथर. त्याची वाफ खाणीतल्या वायूसारखी भडकते. वाण्याकडून रॉकेलचा एक रिकामा डबा घेतला, त्याचं वरचं झाकण पत्रेवाल्याकडून कापून घेतलं, आणि टांगा करून कोलशेतला निघालो. टांगेवाल्यानं विचारलं, काय विकता? मी म्हटलं, डोकं. त्यानं पुढे काही विचारलं नाही.

कोलशेतला रस्ता संपला तिथं टांगा थांबला. पुढे मिठागराच्या बांधावरून चालत जायचं. ऊन डोक्यावर, बूट चिखलात, एका हातात दिवे, दुसऱ्यात डबा. त्या बांधावर मला पहिल्यांदा वाटलं की परत फिरावं. आपट्यांनी लिहून ठेवलंच आहे. माझ्यावर काही येणार नव्हतं. मी दमलो होतो. नुसत्या चालण्यानं नव्हे, इतकी वर्षं एकच गोष्ट प्रत्येकाला नव्यानं समजावून दमलो होतो.

साहेब खाडीकाठच्या चिपीच्या झाडांआड बंदूक घेऊन बसला होता. मला पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, कारण माझ्या डब्याच्या खडखडाटानं बगळेसुद्धा उडाले होते. मी थोडक्यात सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"कोणी मेलंय का?"

"नाही, सर."

"मग नंतर भेट."

"सर, नंतर विचारलंत तर कदाचित हो म्हणावं लागेल."

त्यानं बंदूक खाली ठेवली. रागावला होता, पण ठेवली. मी बांधावरच डबा मांडला. तळाशी कापसाचा बोळा टाकून त्यावर ईथरचे थेंब सोडले आणि वरून कागद झाकला. थोडं थांबून आधी काळा दिवा पेटवला आणि आत सोडला. जाळीच्या आत निळसर ज्वाळा भरून आली, फडफडली आणि विझली. बाहेर काही नाही. साहेब म्हणाला, सुंदर. मग डबा हवेशीर करून पुन्हा तसाच भरला आणि लख्ख दिवा सोडला. भप् असा आवाज झाला, कागद जळत उडाला, आणि साहेब दोन पावलं मागे सरकताना चिखलात बसला. मी त्याला हात दिला. त्यानं तो घेतला नाही.

उभं राहिल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, त्या दिव्यांच्या पाठवणीवर सही कोणाची आहे. मी म्हटलं, आपलीच. मग मात्र त्यानं गुडघ्यावर कागद ठेवून तारेचा मजकूर लिहिला. माणसाचा जीव वाचवायला कुठली ना कुठली भीती उपयोगी पडते. कोणती, याबद्दल मी आता चिकित्सा करत नाही. ठाणे स्टेशनातून तार गेली. कसाऱ्याला वॅगन सोडवल्याचा निरोप मी कल्याणला पोचेपर्यंत आलाही होता.

दुसऱ्या दिवशी वॅगन परत आली आणि तिच्याबरोबर साहेबाचा हुकूमही. यापुढे बत्तीखान्यात पूजा बंद. झेंडूचं एक फूलही दिसलं तर दंड. मी सांगून पाहिलं की पूजेनं जाळी बिघडत नाही, घासण्यानं बिघडते. पूजा बंद केली तर लोक दिवे मागच्या मागे घासतील आणि मला दिसणारही नाहीत. पण साहेबाला बगळे आणि चिखल आठवत होता. हुकूम दारावर लागला.

मग काय, सगळा बत्तीखाना माझ्याशी बोलेनासा झाला. पूजा मोडणारा म्हणून माझं नाव झालं. पाण्याच्या घागरीजवळ गेलो की गप्पा थांबत. मिस्त्री तर मान वर करून बघेना. एवढा उपद्व्याप कोणासाठी केला, असा विचार मनात आला. त्या दिवशी मी जेवणाचा डबाही उघडला नाही. दुपारी शेवटी शेडच्या मागे ईथरचा डबा मांडून मिस्त्रीला बोलावलं. म्हटलं, मी काही सांगत नाही, तू स्वतःच पाहा. परत आलेल्या पेटीतून त्यानंच दिवे निवडले. जाळी त्यानंच पाहिली, पेटवलाही त्यानंच. पहिल्या दिव्याला काही झालं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, सांगितलं होतं ना, अशा नजरेनं. दुसऱ्या दिव्यानं कागद उडवला. तिसऱ्यानंही उडवला.

मिस्त्री मटकन खाली बसला. मला वाटलं, आपल्या हातून काय झालं असतं ते त्याला कळलं. मी समजूत घालायला लागलो की दिवे परत आलेत, काही बिघडलेलं नाही, नव्या जाळ्या मुंबईच्या गोदामात आहेत. तो ऐकत नव्हता.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "तिथंही खंडेनवमी झाली असेल."

मला क्षणभर अर्थच लागला नाही.

"सदू गणपतीला घरी आला होता. मीच सांगितलं त्याला. नवमीला तुझ्याकडचा एकही दिवा काळा ठेवू नको म्हणून. तो माझा शब्द मोडायचा नाही."

एक वॅगन थांबवली म्हणून आम्ही सुटलो असं मी धरून चाललो होतो. खाणीत जे दिवे रोज वापरात होते ते तिकडे सदूनं घासले असणार. दसऱ्यानंतर मजूर पुन्हा खाली उतरायला लागले असणार. हे मला सुचायला हवं होतं, साहेबाला सुचायला हवं होतं. सुचलं ते एका बापाला.

मी पुन्हा साहेबाकडे गेलो. या वेळी तो खुर्चीत होता, त्यामुळे जास्त उंच वाटला. त्याचं म्हणणं सरळ होतं. खाणीचा मॅनेजर वेगळा, त्याच्या दिव्यांशी आपला संबंध नाही. खाण बंद ठेवा अशी तार त्यानं केली आणि काही निघालं नाही, तर त्या दिवसाच्या कोळशाचा जाब त्यालाच द्यावा लागेल. त्यापेक्षा मी सविस्तर पत्र पाठवावं. मी म्हटलं, पत्र पोचायला वेळ लागतो. तो म्हणाला, मग लगेच लिहायला बस. खोटं का सांगू, त्या क्षणी मी हात टेकले होते.

बाहेर मिस्त्री उभा होता. त्यानं विचारलं, साहेबाची सही कंपनीच्या तारेला लागते ना. बापानं पोराला तार करायची तर कोणाची सही लागते? मी म्हटलं, कोणाचीच नाही.

आम्ही तारघरात गेलो. इंग्रजीत मजकूर मी लिहिला, पण शब्द त्याचे. दिव्यांच्या जाळ्या फुटल्या आहेत. कोणालाही दिवा देऊ नको. बाप. तारमास्तरनं दोनदा वाचलं आणि घरात काही बरंवाईट झालंय का असं विचारलं. मिस्त्री म्हणाला, अजून नाही.

पुढचं मला सदूनं नंतर सांगितलं. तार त्याला पहाटे मिळाली, दिवे वाटायच्या आधी. स्टेशनमास्तरनं वाचून दाखवली. सदूनं लॅम्परूमला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोवली आणि दाराला पाठ लावून बसला. मॅनेजर आला. त्यानं आधी विचारलं, मग शिव्या दिल्या, मग कुलूप तोडायला माणूस बोलावला. सदूचं एकच उत्तर, बापाची तार आहे. मॅनेजरला हे इतकं बावळटपणाचं वाटलं की तो हसला म्हणे. पण तोवर मजूर जमले होते, आणि दिवे फुटलेत हे त्यांच्या कानावर गेलं होतं. कुलूप तुटलं. दिवे बाहेर आले. एकाही माणसानं हात पुढे केला नाही. त्यातले कितीतरी जण मागच्या आगीच्या वेळी तिथंच कामाला होते.

शेवटी मॅनेजरनं स्वतः एक दिवा सूर्याकडे धरला. मग दुसरा. मग म्हणे त्यानं टोपी काढली. पांढऱ्याशुभ्र जाळ्या, आणि निम्म्याहून जास्त फाटक्या. ज्या भागात वायू निघत होता तिथंही आदल्या दिवशी माणसं हेच दिवे घेऊन काम करून आली होती. ती का वाचली हे कोणी सांगू शकणार नाही. हवा बरी असेल, किंवा त्यांचं नशीब.

नव्या जाळ्या येईपर्यंत तो भाग बंद राहिला. पुढे कंपनीचा नियम निघाला. खाणीच्या दिव्याची जाळी घासू नये, फक्त झाडावी. प्रत्येक दिवा पाठवण्याआधी ईथरच्या डब्यात तपासावा. नियमाच्या प्रस्तावनेत मॅनेजरच्या तत्परतेचं कौतुक होतं आणि आमच्या साहेबाच्या दक्षतेचं. सदूला नोकरीवरून काढलं. कारण असं की त्यानं वरिष्ठांचा हुकूम मोडून कंपनीचं कुलूप कंपनीच्याच दाराला घातलं. मी अर्ज केला. आपट्यांनी तो सुंदर अक्षरात उतरवून दिला. उत्तर आलं नाही.

सदू वळकटी घेऊन कल्याणला उतरला, तेव्हा मी आणि मिस्त्री फलाटावर होतो. मला वाटलं, मिस्त्री रडेल, निदान काही बोलेल. त्यानं मुलाला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं, सगळं जागच्या जागी आहे ना हे बघत असल्यासारखं, आणि म्हणाला, "चल, आई वाट बघतेय." मलाच रडू आलं. मी धुराचं निमित्त केलं. पुढे सदूनं वडिलांच्या आळीत भांड्यांचं दुकान टाकलं, ते चांगलं चालतं.

मी पेन्शनीत निघालो त्यालाही आता काळ लोटला. सदूला न जुमानता दिवे वाटले जाऊन खाणीत आग लागली असती तर चौकशी झाली असती, आणि त्या चौकशीत कोणी तरी सदूचं नाव आदरानं घेतलं असतं. लागली नाही, म्हणून ते नाव फक्त काढून टाकलेल्यांत राहिलं. मला विचाराल तर खाणीतला दिवा काळा असावा आणि तो सांभाळणारा माणूस थोडा हट्टी असावा. यातली पहिली गोष्ट आम्हाला नियमात लिहून घेता आली. दुसरी घेता आली नाही.